प्रॉक्सी, विशेष जालपत्ते व नामसेवा

संगणकांच्या जालात एका संगणकाच्या वतीने दुसऱ्या संगणकाशी व्यवहार करणाऱ्या मध्यस्थ आज्ञावलीस प्रॉक्सी म्हणतात. मागणी करणारा संगणक आपली मागणी प्रॉक्सीकडे सोपवितो. प्रॉक्सी ती पुढे नेते, आलेले उत्तर तपासते, प्रसंगी साठवून ठेवते आणि मूळ मागणीदाराकडे परत पाठविते. हे काम करताना तिला दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. दिलेल्या नावामागील अंकात्मक पत्ता कोणास विचारावयाचा, ही पहिली. आणि मिळालेला पत्ता खरोखर बाहेरच्या जगातील आहे की विशेष कामासाठी राखून ठेवलेल्यांपैकी आहे, ही दुसरी. प्रॉक्सी बसविताना होणाऱ्या चुकांपैकी बऱ्याचशा या दोन गोष्टींच्या सरमिसळीतून उद्‌भवतात.

आंतरजालावरील प्रत्येक संगणकास आयपी पत्ता असतो. सप्टेंबर १९८१ मध्ये ठरलेल्या चौथ्या आवृत्तीच्या संकेतानुसार हा पत्ता ३२ द्विमान अंकांचा असून असे एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते संभवतात. माणसाला असे आकडे लक्षात ठेवणे अवघड असल्याने नावे वापरण्याची प्रथा आरंभापासूनच होती. अमेरिकेतील अर्पानेट या जालात सर्व नावांची व पत्त्यांची एकच यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवली जाई व प्रत्येक केंद्र तिची प्रत उतरवून घेई. संगणकांची संख्या वाढल्यावर ही पद्धत कोलमडू लागली. तेव्हा पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डोमेन नामप्रणालीची (डीएनएसची) रचना मांडली आणि १९८७ मध्ये तिला आजचे रूप मिळाले. या प्रणालीत संपूर्ण यादी कोणा एकाजवळ नसते. प्रत्येक शाखेचा अधिकार त्या त्या शाखेच्या नामसर्व्हरकडे असतो. भारतासाठीची ‘इन’ ही शाखा १९८९ मध्ये निर्माण झाली व तिची व्यवस्था मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होती. २००५ पासून ती ‘निक्सी’ या संस्थेकडे आहे. सर्वसामान्य नागरिकास आंतरजाल उपलब्ध झाले ते विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सेवा सुरू केल्यावर.

बीड जिल्हा प्रशासनाच्या ‘बीड.गव्ह.इन’ या संकेतस्थळाचे उदाहरण घेतल्यास नामसेवेचा क्रम स्पष्ट होईल. एखाद्याने हे नाव मागितले, की त्याचा निराकरक (म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर) प्रथम मूळ सर्व्हरांपैकी एकास विचारतो. मूळ सर्व्हरांची नावे १३ असली, तरी त्यांच्या प्रती मुंबईसह जगभर विखुरलेल्या आहेत. तेथून ‘इन’ शाखेचा, तिच्याकडून ‘गव्ह’ उपशाखेचा आणि शेवटी बीडच्या नोंदीचा ठिकाणा लागतो. प्रत्येक उत्तरासोबत ते किती सेकंद खरे मानावे याची मुदत दिलेली असते व तेवढा काळ निराकरक ते स्मरणात ठेवतो. म्हणून हा सर्व प्रवास प्रत्येक वेळी करावा लागत नाही. नाव मात्र अक्षरशः जुळावे लागते. अंबाजोगाईचे निजामी राजवटीतील नाव मोमिनाबाद होते, आणि त्या नावाने आलेले पत्र अनुभवी टपालवाला योग्य ठिकाणी पोहोचवू शके. खुद्द जिल्ह्याचे नावही १९६९ च्या इंग्रजी गॅझेटिअरमध्ये ‘भीर’ असे छापलेले आहे. नामसर्व्हरला असा इतिहास ठाऊक नसतो. एक अक्षर बदलले, की ‘असे नाव नाही’ एवढेच उत्तर येते, किंवा त्याहून वाईट म्हणजे त्या नावाची नोंदणी करून बसलेल्या परक्याचा पत्ता मिळतो.

विशेष पत्ते : सर्वच आयपी पत्ते सार्वजनिक नसतात. काही गट विशिष्ट कामांसाठी राखून ठेवलेले आहेत व त्यांची एकत्रित नोंदवही २०१३ पासून एका ठरावीक नमुन्यात ठेवली जाते. (या लेखात पत्ते देवनागरी अंकांत दिले आहेत, प्रत्यक्ष विन्यासात ते आंतरराष्ट्रीय अंकांतच लिहावे लागतात. तिरप्या रेषेपुढील आकडा पत्त्याचे पहिले किती द्विमान अंक गटासाठी समान आहेत हे दर्शवितो. हा आकडा जितका लहान, तितका गट मोठा.)

हे गट समजून घेण्यासाठी बीड जिल्ह्यातील एखाद्या तालुक्याच्या गावचे नागरी सेवा केंद्र डोळ्यांसमोर आणावे. सातबाराचा उतारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विम्याचा अर्ज यांसाठी तेथे गर्दी असते. चार-पाच संगणक, एक छापयंत्र, एक राउटर आणि सर्वांसाठी मिळून एकच मोबाइल जोडणी अशी तेथील सामग्री असते. वारंवार लागणारी पृष्ठे साठविण्यासाठी व नको ती संकेतस्थळे बंद ठेवण्यासाठी एका संगणकावर प्रॉक्सी चालविलेली आहे. या प्रॉक्सीचा स्वतःशी बोलण्याचा पत्ता १२७.०.०.१ होय. १२७.०.०.०/८ हा संपूर्ण गट ‘स्वतःकडे परत’ या अर्थाचा असून त्यावर पाठविलेला संदेश यंत्राबाहेर पडतच नाही. त्यामुळे शेजारच्या टेबलावरील संगणकात प्रॉक्सीचा पत्ता म्हणून १२७.०.०.१ लिहिला, तर तो संगणक स्वतःतच प्रॉक्सी शोधू लागतो आणि ती न मिळाल्याने जोडणी नाकारली जाते. नवख्या माणसाकडून ही चूक हमखास होते. उलट, प्रॉक्सी केवळ १२७.०.०.१ वर ऐकत असेल तर शेजारच्या संगणकाने बरोबर पत्ता लिहूनही उपयोग होत नाही, तिला ०.०.०.० वर, म्हणजे यंत्राच्या सर्व पत्त्यांवर, ऐकण्यास सांगावे लागते. तसे सांगितल्यावर ती परक्यांनाही खुली होऊ नये याची तजवीज वेगळी करावी लागते, हे अनेकदा विसरले जाते.

केंद्रातील संगणकांचे एकमेकांमधील पत्ते बहुधा १९२.१६८.०.०/१६ या गटातील असतात. फेब्रुवारी १९९६ च्या संकेतानुसार हा गट (६५,५३६ पत्ते), १७२.१६.०.०/१२ (१०,४८,५७६ पत्ते) आणि १०.०.०.०/८ (१,६७,७७,२१६ पत्ते) हे तीन गट खाजगी जालांसाठी मोकळे ठेवलेले आहेत. केजमधील दुकानात आणि न्यूयॉर्कमधील घरात एकाच वेळी १९२.१६८.१.१ हा पत्ता असू शकतो. कारण तो दाराबाहेर अर्थशून्य आहे. संगणकास राउटरकडून पत्ता मिळालाच नाही, तर तो १६९.२५४.०.०/१६ या गटातून स्वतःच एखादा पत्ता घेतो. छापयंत्राच्या पडद्यावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर बिघाड नामसेवेत न शोधता तारेत किंवा राउटरमध्ये शोधावा.

तिसरा थर दूरसंचार कंपनीचा. सार्वजनिक पत्त्यांचा तुटवडा असल्याने कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवितात व अशा मधल्या जालासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४.०.०/१० हा ४१,९४,३०४ पत्त्यांचा गट राखण्यात आला. केंद्राच्या राउटरला बाहेरच्या बाजूस १००.६४ ते १००.१२७ या दरम्यानचा पत्ता मिळालेला दिसल्यास बाहेरून त्या केंद्रापर्यंत थेट पोहोचता येत नाही, तसेच एखादे शासकीय संकेतस्थळ एका पत्त्यावरून येणाऱ्या मागण्यांवर मर्यादा घालीत असेल तर ती मर्यादा अनोळखी शेजाऱ्यांत वाटली जाते. यांखेरीज चाचणी-मापनासाठी १९८.१८.०.०/१५, ग्रंथांतील उदाहरणांसाठी १९२.०.२.०/२४, १९८.५१.१००.०/२४ व २०३.०.११३.०/२४, आणि बहुप्रेषणासाठी २२४.०.०.०/४ हे गट आहेत. सहाव्या आवृत्तीत ::१ हा स्वतःचा, एफई८०::/१० हा लगतच्या जालाचा व एफसी००::/७ हा खाजगी वापराचा गट होय.

नावांतही अशीच राखीव नावे आहेत. ‘लोकलहोस्ट’, ‘टेस्ट’, ‘एक्झाम्पल’ व ‘इनव्हॅलिड’ ही १९९९ मध्ये राखली गेली. ‘लोकल’ हे लगतच्या यंत्रांच्या शोधासाठी आणि ‘अनियन’ हे टॉर जालासाठी (२०१५) आहे. ही नावे बाहेरच्या नामसर्व्हरला विचारावयाचीच नसतात. प्रत्यक्षात ती सर्रास विचारली जातात. खाजगी पत्त्यांची उलटी चौकशी, म्हणजे पत्त्यावरून नाव विचारणारे प्रश्न, तर इतक्या संख्येने मूळ सर्व्हरांकडे येऊ लागले, की केवळ ते प्रश्न गिळण्यासाठी जगभर स्वयंसेवी सर्व्हर उभारावे लागले.

नाव कोणी सोडवावयाचे : प्रॉक्सी वापरताना नावाचा पत्ता ग्राहक-संगणक शोधतो की प्रॉक्सी, हा प्रश्न किरकोळ वाटला तरी तोच कळीचा आहे. ब्राउझरमध्ये वेब-प्रॉक्सी नोंदविलेली असल्यास ब्राउझर संपूर्ण नाव प्रॉक्सीकडे पाठवितो व शोधाचे काम प्रॉक्सी करते. सॉक्स या संकेताच्या चौथ्या आवृत्तीत मात्र केवळ अंकात्मक पत्ता पाठविण्याची सोय होती, म्हणून ग्राहकाला आधी नाव सोडवावे लागे. मार्च १९९६ च्या पाचव्या आवृत्तीत नाव पाठविण्याची सोय झाली. तरीही अनेक आज्ञावलींत ती वेगळ्याने निवडावी लागते. फायरफॉक्समध्ये त्यासाठी स्वतंत्र चौकट आहे. ‘कर्ल’ या साधनात सॉक्स-पाचच्या नावापुढे ‘एच’ हे अक्षर जोडले तरच नाव प्रॉक्सीकडे जाते. हे न केल्यास माहिती प्रॉक्सीमार्गे जाते, पण कोणते संकेतस्थळ पाहिले जात आहे याची चौकशी मात्र उघडपणे स्थानिक कंपनीच्या नामसर्व्हरकडे होते. यालाच नामगळती म्हणता येईल.

ग्राहकाला न सांगता राउटरच वाहतूक प्रॉक्सीकडे वळवीत असेल, तर स्थिती आणखी निराळी होते. अशा वेळी ग्राहकाने पत्ता आधीच शोधलेला असतो आणि प्रॉक्सीला पत्ता व नाव दोन्ही दिसतात. १९९६ पासून प्रचारात असलेली ‘स्क्विड’ ही प्रॉक्सी आपल्या अलीकडच्या आवृत्त्यांत त्या नावाचा पत्ता स्वतः पुन्हा विचारते व दोहोंचा मेळ न बसल्यास मागणी संशयास्पद मानते. मोठ्या संकेतस्थळांना अनेक पत्ते असतात व ते क्षणोक्षणी बदलतात; ग्राहक एका नामसर्व्हरला आणि प्रॉक्सी दुसऱ्याला विचारीत असेल, तर निष्पाप मागण्याही अडविल्या जातात. त्यामुळे अशा मांडणीत दोघांनाही एकच निराकरक नेमून देणे हाच सरळ उपाय होय.

प्रॉक्सीचे नामसर्व्हर : प्रॉक्सीस नामसर्व्हर स्वतंत्रपणे नेमून दिला नसेल, तर ती यंत्राच्या कार्यप्रणालीत नोंदलेला वापरते. स्क्विड ही नोंद आरंभी व पुनर्विन्यासाच्या वेळीच वाचते. परिणामी मोबाइल जोडणी बदलली, राउटरने नवा नामसर्व्हर दिला, इतर संगणक सुरळीत चालू लागले, आणि प्रॉक्सी तेवढी जुन्याच पत्त्याकडे विचारणा करीत बसली, असे घडते. रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्यास ‘सर्व्हर डाउन आहे’ असे सांगितले जाते. वस्तुतः मुंबई-दिल्लीचा सर्व्हर चालू असतो व दोष खोलीतच असतो. पीक विम्यासारख्या मुदतबंद कामात अर्ध्या दिवसाचा असा खोळंबा संपूर्ण हंगामास भोवू शकतो. उत्तरे साठविण्याची मर्यादाही लक्षात घ्यावी : स्क्विडमध्ये यशस्वी उत्तर जास्तीत जास्त ६ तास व अयशस्वी उत्तर १ मिनिट धरून ठेवण्याची मूळ नेमणूक आहे. ‘असे नाव नाही’ हे उत्तर तासभर साठविण्याची हौस कोणी करू नये.

नामसर्व्हर कोणता नेमावा, याला एकच उत्तर नाही. कंपनीचा नामसर्व्हर जवळ असतो व त्यामुळे मोठ्या संकेतस्थळांची जवळची प्रत मिळण्याचा संभव अधिक असतो. गूगलचा ८.८.८.८ (डिसेंबर २००९) किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ (एप्रिल २०१८) हे सार्वजनिक नामसर्व्हर सहसा विश्वासार्ह असतात, परंतु कार्यालयातील अंतर्गत नावे त्यांना ठाऊक नसतात. रुग्णालय, महाविद्यालय वा कारखाना यांच्या अंतर्गत यंत्रणेची नावे अंतर्गत सर्व्हरलाच विचारावीत व उर्वरित बाहेर, अशी विभागणी प्रॉक्सीत करता येते. काही मोबाइल जालांत केवळ सहाव्या आवृत्तीचे पत्ते दिले जातात आणि जुन्या संकेतस्थळांसाठी कंपनीचा नामसर्व्हर कृत्रिम पत्ते तयार करून देतो. तेथे बाहेरचा नामसर्व्हर नेमल्यास हे कृत्रिम पत्ते मिळत नाहीत व जुनी संकेतस्थळे अचानक नाहीशी झाल्यासारखी वाटतात.

नामसेवेचे प्रश्न मुळात उघड्या पत्रासारखे जातात. त्यांना लिफाफा घालण्याच्या दोन पद्धती २०१६ व २०१८ मध्ये प्रमाणित झाल्या. मात्र त्यांतून कोंबडी-अंड्याचा पेच उभा राहतो. सुरक्षित नामसर्व्हर नावाने नोंदविला असेल, तर त्या नावाचा पत्ता कोण सांगणार? तसेच दूरच्या प्रॉक्सीचे नाव सोडविण्याचे प्रश्न त्याच प्रॉक्सीमार्गे पाठविले, तर जोडणी होण्यासाठी उत्तर हवे व उत्तरासाठी जोडणी हवी, असे चक्र पूर्ण होते आणि काहीच घडत नाही. म्हणून प्रत्येक प्रगत प्रॉक्सीत एक आरंभक नामसर्व्हर अंकात्मक पत्त्यानेच नोंदवावा लागतो व त्याची वाहतूक प्रॉक्सीला वगळून थेट पाठवावी लागते.

बनावट पत्त्यांची युक्तीही येथेच सांगावयास हवी. यंत्रावरील सर्व वाहतूक अडवून ती नियमांनुसार वाटणाऱ्या प्रॉक्सी-आज्ञावली कोणत्याही नावास तत्काळ एक खोटा पत्ता देतात, नाव व खोटा पत्ता यांची जोडी स्वतःजवळ लिहून ठेवतात आणि त्या पत्त्याकडे संदेश निघाला की मूळ नाव पुन्हा लावून तो दूरच्या प्रॉक्सीकडे देतात. कल्पना २००१ च्या एका संकेतलेखातही आढळते. यासाठी बहुधा १९८.१८.०.०/१५ हा चाचणीचा गट वापरला जातो, कारण तो खऱ्या आंतरजालावर कोठेच सापडत नाही. सोय मोठी, पण तिचे ऋण पुढे फेडावे लागते. प्रॉक्सी बंद केल्यावरही ब्राउझरच्या स्मरणात हे पत्ते काही काळ राहतात व संकेतस्थळे उघडत नाहीत. छापयंत्राच्या नावालाही खोटा पत्ता मिळाल्यास छपाई थांबते. लगतच्या जालातील नावे, वेळ जुळविणारे सर्व्हर व कार्यालयाची अंतर्गत शाखा यांना अपवादांच्या यादीत घालणे त्यामुळे अपरिहार्य होते. एखाद्या नावाचा पत्ता १९८.१८ ने सुरू होताना दिसला, तर तो बहुधा संकेतस्थळाचा नसून आपल्याच प्रॉक्सीचा असतो.

सुरक्षा : विशेष पत्ते थेट पाठवावेत व प्रॉक्सीला त्यांकडे जाण्यास मनाई करावी, या दोन्ही नियमांची गरज असते. प्रॉक्सी दोन जगांच्या उंबरठ्यावर उभी असल्याने बाहेरच्याने तिला १२७.०.०.१ किंवा १९२.१६८.१.१ येथील पृष्ठ मागितले, तर ती आपल्याच घराचे दार उघडून देऊ शकते. अमेरिकेतील कॅपिटल वन या बँकेत मार्च २०१९ मध्ये अशाच प्रकारे चुकीच्या विन्यासाच्या मध्यस्थाकडून १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावरील अंतर्गत अधिकारपत्रे काढून घेण्यात आली व सुमारे १० कोटी अमेरिकन व्यक्तींची माहिती उघड झाली. केवळ पत्ता पाहून मनाई करणे पुरेसे नसते. हल्लेखोर आपल्या मालकीच्या नावास आधी सार्वजनिक व नंतर खाजगी पत्ता लावू शकतो. १९९६ पासून ज्ञात असलेल्या या डावावर उपाय म्हणजे बाहेरच्या नामसर्व्हरकडून आलेल्या उत्तरात खाजगी पत्ता असल्यास ते उत्तर टाकून देणे आणि तपासणी नाव सोडविल्यानंतर, जोडणीच्या क्षणी करणे.

भारतातील काही विशेष बाबी : २७ ऑगस्ट २०१४ रोजी ‘.भारत’ ही देवनागरी शाखा सुरू झाली व तीत मराठीचाही समावेश होता. परंतु नामसर्व्हरांमधील संवाद रोमन अक्षरांतच होतो. ‘भारत’ हे नाव तेथे ‘एक्सएन’ या उपसर्गाने सुरू होणाऱ्या सांकेतिक अक्षरमालेत रूपांतरित होते. प्रॉक्सीच्या नियमावलीत देवनागरी नाव जसेच्या तसे लिहिल्यास पुष्कळ आज्ञावलींत तो नियम निमूटपणे निष्फळ ठरतो. सांकेतिक रूप लिहावे. काही शासकीय संकेतस्थळे भारताबाहेरील पत्त्यांना उत्तर देत नाहीत. पुण्यातला किंवा परदेशी गेलेला मुलगा गावाकडची जमीन पाहण्यासाठी परदेशातील प्रॉक्सी चालू ठेवून भूमिअभिलेख उघडू पाहतो व अपयशी होतो, तेव्हा नामसेवा बदलून उपयोग नसतो. ती नावे थेट मार्गाने पाठवावी लागतात.

२८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या संगणक-यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस भारतात जपून ठेवावयाच्या आहेत. प्रॉक्सीची नोंदवही त्यांत मोडते. आणि नोंदीत सर्व ग्राहकांच्या जागी १२७.०.०.१ एवढेच दिसत असेल, तर तिचा तपासास काहीही उपयोग नाही. मधे दुसरी प्रॉक्सी असल्यास मूळ पत्ता पुढे देण्याची व्यवस्था करावी लागते.

एखादे संकेतस्थळ नामसेवेच्या पातळीवर बंद केलेले असणे आणि जोडणीच खंडित असणे यांतला फरक बीडकरांनी अनुभवलेला आहे. मराठा आरक्षण आंदोलनातील जाळपोळीनंतर ३० ऑक्टोबर २०२३ रोजी बीड येथे संचारबंदी लागू झाली व आंतरजाल सेवाही बंद करण्यात आली. पहिल्या प्रकारात नामसर्व्हर खोटे किंवा नकारात्मक उत्तर देतो, अंकात्मक पत्त्यावर संदेश पोहोचू शकतो आणि इतर संकेतस्थळे चालू असतात. दुसऱ्या प्रकारात ८.८.८.८ लाही उत्तर येत नाही. राउटर, प्रॉक्सी व छापयंत्र एकमेकांशी १९२.१६८ च्या पत्त्यांवर पूर्वीप्रमाणेच बोलत राहतात, व आदल्या दिवशी साठविलेली पृष्ठे तेवढी प्रॉक्सी दाखवू शकते.